दोन टक्क्यांत न बसणारा शेतकरी

शेतीशी संबंध असलेल्या कुठल्याही लिस्टेड कंपनीचा वार्षिक रिपोर्ट उघडा, साखर असो, बियाणं असो, कीटकनाशक असो नाहीतर दुधाचे पदार्थ, पहिल्या दहा पानांत हिरवंगार शेत, त्यात उभा हसरा शेतकरी आणि खाली सस्टेनेबिलिटी हे तुम्हाला मिळणारच. मग पुढे साठ-सत्तर पानं नुसती टेबलं. ती टेबलं शेवटपर्यंत वाचली तर लक्षात येतं की फोटोतला तो माणूस आकड्यांत जवळजवळ कुठेच नाहीये, आणि माझं म्हणणं असं आहे की हे चुकून झालेलं नाही, नियमच आता असा बसवलाय की त्याला मोजायची कंपनीला गरजच पडू नये.

हा विषय ठाण्या-नवी मुंबईच्या लोकांचा नाही असं वाटत असेल तर थांबा जरा. साखरेचे वाशी मार्केटचे भाव रोज छापून येतात, एस-३० काय, एम-३० काय, नाका डिलिव्हरी काय, मिल टेंडर काय. बायर क्रॉपसायन्ससारख्या कंपनीचं ऑफिस घोडबंदर रोडला हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. तळोज्यात खताचा कारखाना आहे. आणि या सगळ्यापेक्षा जास्त म्हणजे आपल्या एसआयपी. ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड असेल तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने त्यातले किमान ६५ टक्के पैसे अशाच कंपन्यांत जायला हवेत ज्या बीआरएसआर, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट भरतात आणि त्यातला कोअर भाग बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतात. म्हणजे नेरूळ-ऐरोलीच्या पगारदाराचा महिन्याचा हप्ता याच साठ पानांच्या भरवशावर कुठे जायचं ते ठरतंय.

मी स्वतः ऐरोलीत बसून हेच काम करते, कंपन्यांकडून डेटा गोळा करायचा, एक्सेल जुळवायच्या, रिपोर्ट तयार करून द्यायचा. त्यामुळे खाली जे लिहितेय ते बाहेरून बघून नाही.

थोडं मागचं सांगते, पटकन. २०१२ मध्ये सेबीने सगळ्यात मोठ्या १०० लिस्टेड कंपन्यांना बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी रिपोर्ट सक्तीचा केला, पुढे आकडा ५०० वर गेला, मग १००० वर. मे २०२१ मध्ये त्याची जागा बीआरएसआरने घेतली आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा झाला. नऊ तत्त्वं आहेत, नैतिकतेपासून ग्राहकापर्यंत. जुलै २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर आला, म्हणजे त्यातले मोजके आकडे स्वतंत्र तपासणीतून गेले पाहिजेत, आधी १५० कंपन्या मग टप्प्याटप्प्याने १०००. हे सगळं चांगलंच आहे हो, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. विजेचं बिल, डिझेल, बॉयलर, कामगारांचे अपघात, बायकांना किती पगार जातो, हे आधी कुणी विचारतसुद्धा नव्हतं, आता विचारतात आणि खोटं लिहायला कंपनीचा माणूस घाबरतो, मी बघितलंय घाबरताना.

प्रॉब्लेम हा की हा फॉर्म कारखान्याची भिंत डोक्यात ठेवून बनवलाय. सिमेंटला, पोलादाला, औषधांना तो ठीक बसतो कारण तिथलं बरंचसं जे बरंवाईट व्हायचं ते भिंतीच्या आत होतं. तळोज्यात रात्री वास सुटला की कळंबोली-खारघरची माणसं प्रदूषण नियंत्रण मंडळाला, एमपीसीबीला टॅग करून मोकळी होतात, कारण भिंत आणि माणूस जवळजवळ आहेत. शेतीच्या कंपनीचं तसं नाही. तिचं नव्वद टक्के जग गेटच्या बाहेर, शे-दीडशे गावांत पसरलेलं असतं.

साखरेचंच घेऊ, मला त्यातलं बरं कळतं कारण मामाकडे माळशिरसला ऊस आहे. रिपोर्टमध्ये पाण्याचं टेबल असतं, नदीचं किती घेतलं, बोअरचं किती, बाहेरून विकत किती. आता उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड करून कारखाना तेच पाणी वापरतो. त्यामुळे नीट चालवलेल्या कारखान्याला बाहेरून फारच कमी पाणी लागतं आणि रिपोर्टमध्ये त्याची कॉलर ताठ, आम्ही पाण्यात जवळपास स्वयंपूर्ण. पण ते पाणी उसात आलं कुठून? कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांत महाराष्ट्राबद्दल वर्षानुवर्षं एकच गोष्ट लिहिलेली सापडते, की पेरणीखालच्या क्षेत्रातला चारएक टक्के ऊस सिंचनाच्या पाण्यातला दोन तृतीयांशच्या आसपास वाटा पिऊन टाकतो, आणि एक किलो साखरेमागे दोनेक हजार लिटर पाणी जातं. ते दोन हजार लिटर रिपोर्टच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. आणि जे येतं ते कसं मोजतात बघा, रुपयाच्या उलाढालीमागे किती पाणी. म्हणजे साखरेचा भाव चढला की उलाढाल वाढते आणि एक थेंब न वाचवता कंपनी आपोआप जास्त सस्टेनेबल होते. उत्पादनामागे किती हाही आकडा मागतात, तो असतो तिथेच खाली, पण चकचकीत ग्राफ पहिल्याचाच काढला जातो कारण तो जास्त छान दिसतो.

बरं, मग गेटच्या बाहेरचं कुणी विचारलंच नाही का? विचारलं होतं. २०२३ च्या सर्क्युलरमध्ये व्हॅल्यू चेनची, म्हणजे कंपनीला माल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या साखळीची गोष्ट होती, पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या खरेदी-विक्रीत मिळून ७५ टक्के वाटा असलेल्या भागीदारांची माहिती द्यायची, नसेल देता येत तर का नाही ते सांगायचं. तेव्हा आमच्या ऑफिसात धावपळ झाली होती चांगलीच. मग उद्योगांनी आरडाओरडा केला की एवढ्यांची माहिती कुठून आणू, आणि मार्च २०२५ मध्ये नियम सैल झाला. आता व्हॅल्यू चेनचा भागीदार कोण, तर जो एकटा कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत दोन टक्के किंवा जास्त आहे तो. तेही आता ऐच्छिक.

दोन टक्के ऐकायला किती बारीक वाटतं ना. गणित करून बघा. एक मध्यम-मोठा कारखाना हंगामात दहा लाख टन ऊस गाळतो असं धरा, त्याचे दोन टक्के म्हणजे वीस हजार टन. एकरी चाळीस टन चांगला उतारा धरला तरी एका शेतकऱ्याकडे ५०० एकर ऊस लागेल. आणि महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यात बारमाही पाण्याच्या जमिनीची मर्यादा आहे १८ एकर, मोठं कुटुंब असेल तर थोडी सूट. म्हणजे एका कायद्याने ज्याला १८ एकरांच्या वर जाऊ द्यायचं नाही त्याने ५०० एकरांचा असल्याशिवाय दुसऱ्या नियमाच्या कागदावर दिसायचं नाही! गोणपाटाची पोती पुरवणारा एखादा व्यापारी कदाचित बसेल दोन टक्क्यांत. ज्याच्या मालावर कंपनी उभी आहे तो कधीच, कुठल्याही वर्षी, कितीही पाऊस झाला तरी बसणार नाही. दुधात तेच, बटाट्यात तेच, टोमॅटोत तेच. शेतीच्या कंपनीत माल हजारो छोट्या हातांतून येतो हे ज्याला माहिती आहे तो शेतीसाठी अशी मर्यादा ठेवणारच नाही. सेबीने मुद्दाम शेतकऱ्याला वगळलं असं मी म्हणत नाही, मोटारींच्या सुट्या भागांचे सप्लायर डोळ्यांसमोर ठेवून नियम केला असेल, पण परिणाम व्हायचा तो झालाच.

आणि एवढ्या लोकांचा डेटा आणायचा कुठून हे कारण तर मला अजिबात पटत नाही, साखरेच्या बाबतीत तर हसू येतं. कारखान्याला शेतकऱ्याचं सगळं माहिती असतं. लागण झाली की कारखान्याचा चिटबॉय येऊन नोंद घेतो, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात कुठली, आडसाली का सुरू का खोडवा, लागणीची तारीख. शेतकऱ्याला कोड नंबर असतो. तोड कधी आली, गाडी कुठल्या काट्यावर किती वाजता चढली, टन किती, कपात किती, बिल कुठल्या बँकेत कुठल्या तारखेला जमा, सगळं कॉम्प्युटरवर, मामाला मोबाईलवर मेसेज येतो वजनाचा. डेअरीत तर रोज सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाची) पावती निघते. द्राक्षाचं बघा, २०१० ला क्लोरमेक्वाट नावाच्या एका रसायनाच्या अंशापायी नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, बागायतदारांचं कंबरडं मोडलं त्या वर्षी. निर्यातीच्या द्राक्षाला अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर प्रत्येक बागेची नोंदणी लागते, पेटी कुठल्या प्लॉटमधली ते शोधता येतं. म्हणजे जिथे गिऱ्हाईक मागतं तिथे दोन एकरांच्या बागेपर्यंत हिशोब जातो. तेव्हा कुणी म्हणत नाही की शेतकरी फार आहेत हो, मोजायचे कसे.

मागायचं तरी काय? माझ्या मते पहिली गोष्ट पैसे किती दिवसांत दिले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराने पैसे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६ साठी एफआरपी आहे १०.२५ टक्के रिकव्हरीला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, क्विंटलला ३५५ रुपये. आता बीआरएसआर कोअरमध्ये एक आकडा असतो, देणी किती दिवसांत चुकवता, एकूण देण्याला ३६५ ने गुणायचं आणि खरेदीने भागायचं, आला आकडा. तो निघतो ३१ मार्चच्या बॅलन्सशीटवरून, सगळ्या सप्लायरचा मिळून एकच. त्यात केमिकलवाला आहे, पोतीवाला आहे, मशिनरीवाला आहे आणि मामाही आहे, सगळ्यांची सरासरी ४१ दिवस असा काहीतरी आकडा. त्यावरून डिसेंबरात तुटलेल्या उसाचं बिल फेब्रुवारीत आलं का एप्रिलात हे कुणालाही कळणार नाही. खरं तर एक छोटं टेबल पुरे, उसाच्या रकमेपैकी १४ दिवसांत किती टक्के दिली, महिन्यात किती, दोन महिन्यांत किती, त्यापुढे किती, आणि उशिराच्या रकमेवर व्याज किती दिलं. शेवटच्या रकान्यात बहुतेक शून्य येईल, कारण ते १५ टक्के व्याज न मागता हातात पडलेला शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही.

यात अजून एक गंमत आहे. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर एमएसएमई कायद्याने व्याज बसतं, आणि आता आयकरातही तो खर्च त्या वर्षी धरू देत नाहीत, त्यामुळे मार्च आला की अकाउंट्सवाले उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगांची बिलं आधी काढतात. पण पिकवणारा शेतकरी त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे कोपरखैरण्यातला बॉक्स बनवणारा वर्कशॉपवाला सुरक्षित, आणि त्या बॉक्समध्ये ज्याचा माल जाणार तो वाऱ्यावर. उसाला निदान तो १४ दिवसांचा आदेश तरी आहे, टोमॅटो कंपनीला घालणाऱ्याला काय आहे?

दुसरी गोष्ट काटा, उसाची गाडी वजन करायचा. यावर कुठल्याच रिपोर्टमध्ये एक ओळ नसते आणि गावात बोलणं निघालं की पहिली ओळ हीच असते. काटामारी होते का, किती होते, सगळीकडे होते का, यात मी पडत नाही, पण शंका एवढी जुनी आणि एवढी पसरलेली आहे की हंगामात सरकारला भरारी पथकं नेमावी लागतात. कंपनीच्या विजेच्या युनिटची दशांशापर्यंत तपासणी होते, ऑडिटर एकेक बिल बघतो, मी स्वतः दिलेली आहेत फाईलमधून काढून, आणि ज्या वजनावर हजारो घरांचं वर्ष ठरतं त्या काट्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, किती तक्रारी आल्या, बाहेर वजन करून आणलेली गाडी घेता का परत पाठवता, हे कुणी विचारत नाही. नैतिकता आणि पारदर्शकता हे पहिलंच तत्त्व आहे हो नऊ तत्त्वांतलं.

तिसरी गोष्ट लिहायला मला जड जाते. ऊसतोड. बीड, अहिल्यानगर, जालना इकडून दिवाळीनंतर टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधानपरिषदेत आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली आणि त्यात साडेतेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर दंड, फडात ना संडास ना पाणी, इतकं साधं आणि इतकं भयंकर कारण. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या पत्रकारितेच्या संस्थेने हेच सगळं शीतपेयांच्या जागतिक कंपन्यांपर्यंत नेऊन जोडलं तेव्हा मुंबईत बसलेल्या लोकांना धक्का वगैरे बसला.

आता या बाया रिपोर्टमध्ये कुठे येतात? कारखाना म्हणणार आमच्या कामगार नाहीत, तोडणी-वाहतूक कंत्राटदाराच्या आहेत. कंत्राटदार म्हणणार मी मुकादमाशी करार केलाय. मुकादम म्हणणार मी नुसती टोळी आणली. शेतकरी म्हणणार तोडणीचा खर्च माझ्या बिलातून कापतात पण कुठली टोळी येणार हे मला कुणी विचारलं नाही, वर टोळीला खुशाली म्हणून पैसे द्यावे लागतात ते वेगळेच. बीआरएसआरमध्ये कायम नसलेल्या कामगारांसाठी रकाना आहे, त्यात गेटवरचा सिक्युरिटी गार्ड येतो, कँटीनचा माणूस येतो, फडातली बाई येत नाही. मानवी हक्कांच्या तत्त्वाखाली तक्रारी किती तर शून्य. शून्यच येणार ना, तक्रार नोंदवायची वही कारखान्याच्या एचआर ऑफिसात आहे आणि ती बाई चाळीस किलोमीटरवर कोपीत.

असंच कीटकनाशकांचं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त जीव गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. मेलेल्यांत बरेचजण शेतमजूर, दुसऱ्याच्या कापसावर फवारणारे. कुठल्याही कंपनीच्या रिपोर्टची ग्राहकाची व्याख्या लावा, तो मजूर ग्राहक नाही, त्याने बाटली विकत घेतलेली नाही. कामगार नाही, सप्लायर नाही, शेअरहोल्डर तर नाहीच. फॉर्ममध्ये त्याला बसायला जागाच नाही.

शेतकरी एका ठिकाणी येतो पण, ते सांगायला हवं. आठव्या तत्त्वाखाली विचारतात की कच्च्या मालातला किती टक्के माल छोट्या उद्योगांकडून किंवा छोट्या उत्पादकांकडून थेट घेतला. साखर कंपनी तिथे नव्वदच्या वरचा आकडा लिहून पाठ थोपटून घेऊ शकते. म्हणजे कंपनी चांगली दिसणार असेल तिथे शेतकरी मोजला जातो, आणि ते मोजणं सहज जमतं. आणि चौथ्या तत्त्वात स्टेकहोल्डरचं टेबल असतं, शेतकरी, दुर्बल घटक आहे का तर हो, संवाद कसा तर मेळावे, एसएमएस, किती वेळा तर गरजेनुसार. हे गरजेनुसार मी इतक्या वेळा टाईप होताना बघितलंय की काय सांगू. मामाला एकदा फोनवर हे सगळं समजावत होते तर तो म्हणाला, त्यो रिपोर्ट ऱ्हाऊ दे बाई, बिल कधी निघतंय तेवढं इचार.

यावर आमच्याच क्षेत्रातले लोक म्हणतात की एवढं सगळं मागितलं तरी खोटं लिहितील, काय उपयोग. मला उलट वाटतं. २०१३ ला शेतमालाचे सौदे करणारं नॅशनल स्पॉट एक्स्चेंज बसलं ते आठवा, पाच हजार सहाशे कोटींच्या आसपास पैसे अडकले, १३ हजारांच्या आसपास गुंतवणूकदार. कागदावर गोदामात साखर होती, भात होता, एरंडेल होतं, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी कागदाएवढा माल सापडलाच नाही. लोकांनी कागदावर विश्वास ठेवला हा त्यातला अर्धा भाग, गोदामात जाऊन बघायची जबाबदारी जिच्यावर ती यंत्रणा त्याच घरातली होती हा दुसरा. शेतकऱ्याच्या पेमेंटच्या टेबलाचं तसं नाहीये, ते खोटं लिहिलं तर गावागावात हजारो साक्षीदार बसलेत, प्रत्येकाच्या पासबुकात तारीख आहे. आपल्या डोळ्यांसमोरच्या सगळ्या ईएसजी आकड्यांत फसवायला सगळ्यात अवघड आकडा हाच असेल, आणि नेमका तोच मागत नाहीत.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. तपासणीची फी, कन्सल्टंट, सॉफ्टवेअर, आमचं बिल, हे सगळं मध्यम कंपनीला जड जातं. पण मग जे नको ते कापा ना. आणि एक भीती मला खरंच आहे, की उद्या सेबीने दोन टक्क्यांची अट काढली तर कंपन्या काय करतील, तर खालच्या शेतकरी उत्पादक कंपनीला वीस पानांची इंग्रजी एक्सेल पाठवतील, तीन दिवसांत भरून द्या. आत्ताच पाठवतात काहीजण. या उत्पादक कंपन्या २००२ च्या दुरुस्तीने आल्या, दहा शेतकरी मिळून काढता येते, शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत, फार सुंदर कल्पना आहे. सह्याद्री फार्म्ससारखी एखादी मोठी होते, बाकीच्यांकडे एक सीईओ पंधरा हजार पगारावर आणि कंपनी निबंधकाचे (आरओसीचे) फॉर्म वेळेत भरायला सीएची फी नाही. त्यांच्या डोक्यावर अजून एक रिपोर्ट नको. जो विकत घेतो त्याच्याकडे पेमेंटची तारीख आहे, त्यानेच ती द्यावी, खालच्याकडे काही मागू नये. एवढं नियमात लिहिलं तरी पुरे.

बोर्डाबद्दल दोनच वाक्यं. लिस्टेड कंपनीत एक तृतीयांश तरी स्वतंत्र संचालक लागतात, चेअरमन प्रमोटर असेल तर निम्मे, एक बाई हवी, हे सगळं होतं, निवृत्त सनदी अधिकारी, बँकर, सीए, वकील असे सज्जन लोक असतात, मीटिंगा होतात, पण ज्याचं उत्पन्न ऊस किंवा दूध घालण्यावर आहे असा एकसुद्धा माणूस टेबलावर बसलेला मी बघितलेला नाही, आणि रिस्क कमिटीच्या कागदांत पावसाची रिस्क असते, एल निनो असतो, शेतकऱ्याचं थकलेलं बिल ही रिस्क म्हणून लिहिलेली मला आठवत नाही.

आता सगळ्यात मोठी गोची. महाराष्ट्रात गाळप करणाऱ्या साधारण २०० कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास सहकारी आहेत. त्यांना सेबी नाही, बीआरएसआर नाही. खासगीपैकी शेअर बाजारात असलेले फार थोडे, त्यातलेही छोटे पहिल्या १००० मध्ये येत नाहीत. म्हणजे मी एवढं ज्या रिपोर्टबद्दल बोलतेय तो राज्यातल्या बहुतेक उसाला लागूच नाही. सहकाराची रचना कागदावर खरं तर जगात भारी आहे, माल घालणारा तोच मालक, तोच मतदार, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमाराला उभं केलं ते हेच. पण वार्षिक अहवाल वाचून बघा, चेअरमनचं मनोगत, श्रद्धांजली, ताळेबंद, तोट्याची कारणं, आणि एफआरपी कुठल्या तारखेला दिली ते शोधत बसावं लागतं.

यावर उपाय आपल्याकडे एकदा होऊनही गेलाय. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या साखर आयुक्तालयाने पेमेंटच्या रेकॉर्डवरून कारखान्यांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग देऊन यादी जाहीर केली, शेतकऱ्याने ऊस कुठे घालायचा ते बघून घालावा म्हणून. सहकारी, खासगी, लिस्टेड, सगळे एकाच यादीत. कन्सल्टंट नाही, पीपीपीने, म्हणजे रुपयाच्या क्रयशक्तीने अ‍ॅडजस्ट केलेला आकडा नाही, काही नाही. माझ्या पोटावर पाय येईल पण सांगते, आम्ही तयार केलेल्या सत्तर पानांपेक्षा त्या यादीत शेतकऱ्याच्या कामाचं जास्त होतं. ती दर हंगामात, दर महिन्याला, काट्याच्या तपासणीची तारीख आणि टोळ्यांच्या विम्याचा एक रकाना जोडून का निघू नये, आणि लिस्टेड कंपनीने आपल्या बीआरएसआरमध्ये स्वतःचा रंग छापणं सक्तीचं का नसावं?

सेबी कधी ऐकेल ते माहीत नाही, तोवर आपल्या हातात थोडंफार आहे. कोविडपासून बऱ्याच कंपन्यांच्या वार्षिक सभा, एजीएम, ऑनलाइन होतात, पाच शेअर असले तरी स्पीकर म्हणून नाव नोंदवता येतं, ठाण्याच्या घरातून. पूर्वी एजीएमला जाणारे काका लोक वेफर आणि सामोशाच्या पाकिटासाठी जायचे म्हणतात, मग गिफ्ट आणि कूपन वाटायलाच बंदी आली, गर्दीही ओसरली. आता बोलायला मिळालेल्या दोन-तीन मिनिटांत लोक चेअरमनना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि बोनस शेअर मागतात. त्याऐवजी एवढंच विचारायचं की उसाचे, दुधाचे पैसे १४ दिवसांत किती टक्के दिले आणि व्याज किती दिलं, मिनिट्समध्ये घ्या.

आणि वाशी मार्केटच्या गाळ्यांवर, माथाडींच्या वसाहतीत, घणसोली-कोपरखैरण्यात सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यातली एवढी माणसं आहेत ज्यांचा गावाकडे ऊस आहे, वडिलांच्या नाहीतर स्वतःच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे. सहकारी कारखान्याची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, नोटीस आधी येते, लेखी प्रश्न किती दिवस आधी द्यायचे ते त्या नोटिशीतच खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं. ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने म्हणून सोडून देतात आणि ती परवानगी काही मिळत नाही, त्यामुळे प्रश्न आधी लेखीच द्यायचा, पोच घ्यायची, आणि त्यात तीन तारखा मागायच्या, आपल्या गटातल्या शेवटच्या तोडीची, तिच्या बिलाची आणि काटा शेवटचा तपासला त्याची.